वाराने जेवणारी लेकरं

आमच्या मोहल्ल्यात एक पोरगी आणि तिचा लहान भाऊ आजीजवळ राहतात. आई आजारात गेली. बाप कामाला म्हणून हैदराबादकडे गेला, तो तिकडचाच झाला. आजी म्हणजे आईची आई. तिची आणि माझी भिंत एकच. ती धानाच्या रोवण्याला जायची तोवर सगळं निभत होतं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि चुलीतला जाळही तिला नीट दिसेना. एकदा भाजीत मीठ म्हणून खायचा सोडा पडला. पोरगी तोंड वाकडं न करता जेवली आणि वरून म्हणते, "आजी, आज मस्त झाली." मी दारातच उभी होते.

तेव्हा आम्ही बायकांनी लेकरांचे वार लावले. आमचं गाव कोहमाऱ्याहून आत, तलावाचं. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याचं पाणी धानाला पाळीपाळीनं मिळतं. पाणी सोडायला पाणकर असतो, त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. आज तुझ्या शेतातल्या बांधीला पाणी, उद्या माझ्या. दुसऱ्याच्या पाळीत हात घालायचा नाही. तसंच लेकरांचं केलं. सोमवारी माझ्याकडे, मंगळवारी समोरच्या जाऊबाईकडे, असं आठवडाभर. झोपायचं मात्र आजीच्याच कुशीत. ज्या घरचा वार, त्याच घरी जेवण. दुसरीनं कितीही गोडधोड केलं तरी लेकरांना हाक मारायची नाही; वाटी भरून वाराच्या घरी पोचवायची. असं छान चाललं होतं.

आणि मग गोंदियाहून एक मॅडम आल्या. बाल संरक्षणाच्या. या लेकरांना आईबाप नाहीत हे त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. त्या घरोघर विचारत फिरल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून घोळ घातला. मी म्हटलं, "लेकरं माझ्याकडेच जेवतात." जाऊबाई म्हणाली, "माझ्याकडेच वो मॅडम, दुसरीकडे जातीन कायले?" कोपऱ्यातल्या घरची बुढी तर सगळ्यांच्या वर. "जेवतात काय म्हणता, माझ्याच घरी लहानाची मोठी झाली समजा!" प्रत्येकीला वाटलं, आपण कमी पडतो असं बाहेरच्या माणसाला दिसू नये. मॅडमनं यातून काय समजायचं? त्यांना वाटलं, लेकरांना ठावठिकाणा नाही, या दारातून त्या दारी मागून खातात.

थोड्या दिवसांनी आजीला निरोप आला की लेकरं घेऊन गोंदियाला बालकल्याण समितीपुढे हजर व्हा. अंगणवाडीच्या बाईनं समजावून सांगितलं. समितीला पटलं नाही तर लेकरं बालगृहात जातील. आणि मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. म्हणजे बहीण एकीकडे, भाऊ एकीकडे. आजी नुसती भिंत चाचपत राहिली.

आम्ही सगळ्या जणी निघालो. कोहमाऱ्याला एसटीत बसलो, बायकांचं अर्धं तिकीट. कोपऱ्यातली बुढी कंडक्टरला म्हणते, "अर्ध्याचे पैसे कोण भरते गा?" तो म्हणाला, "सरकार भरते, आजी." बुढी म्हणाली, "सरकारजवळ कुठून आले?" तो हसला, "तुमच्या तेलातून, साबणातून. काही घेतलं की थोडं तिकडे जातेच." बुढीनं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि कनवटीला खोचलं.

समितीच्या खोलीत टेबलामागे एक वयस्क मॅडम आणि दोन साहेब बसले होते. आम्ही भिंतीशी दाटीवाटीने उभ्या. मॅडमनं पोरीला जवळ बोलावलं.

"तू राहतेस कुठे बाळ?"

"आजीजवळ."

"आणि जेवतेस?"

पोरगी म्हणाली, "आज गुरुवार. आज कोपऱ्यातल्या बुढीचा वार."

मॅडमनं चष्मा काढला. "वार म्हणजे?"

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी आपली बोलकी, सांगत सुटले. तलाव सांगितला, पाणकर सांगितला, बांध्या सांगितल्या, आणि तसेच लेकरांचे वार सांगितले. "त्या दिवशी घरी आलेल्या मॅडमला सगळ्यांनी 'माझ्याकडेच, माझ्याकडेच' म्हटलं ते खोटं नव्हतं वो," मी म्हटलं, "ते वार सांगायचे राहिले एवढंच."

"आणि एखादीनं वार चुकवला तर?" मॅडमनं विचारलं.

बुढी मागून म्हणाली, "चुकवन कशी? गावात राहाचं नाही का तिले?"

मॅडम हसल्या. पण एक साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "गाव सांभाळूनच राहिलं आहे, तर सरकारनं महिन्याला संगोपनाचे पैसे कशाला द्यायचे? हा लोकांचा पैसा आहे."

त्यावर आजीनंच मान वर केली. "मले नाही पाहिजे साहेब. नातवायले जेवू घालाचे पैसे घेऊ का मी? लोक थुंकतीन." मी तिचा पदर ओढला. ही आजी आता स्वतःच सगळं घालवते की काय!

मॅडम शांतपणे साहेबांना म्हणाल्या, "बालगृहात ठेवलं तरी लोकांचाच पैसा लागतो. इमारत, स्वयंपाकी, राखणदार. घरी दिला तर त्याहून कमी लागतो, आणि लेकरू आजीजवळ राहतं. कायदा म्हणूनच सांगतो, आधी घर बघा, संस्था सगळ्यात शेवटी." मग आजीकडे वळल्या. "हे तुम्हाला नाही, आजी. लेकरांच्या वह्या-कपड्यांना, दुखण्याखुपण्याला आहे. वार चालूच राहू द्या. आम्ही त्यात हात घालत नाही."

खरं सांगते, हे मला नवंच होतं. सरकार म्हणजे मला रस्ता, रेशन, निवडणूक एवढंच ठाऊक. कुठेतरी कोणी लोक बसले असतील, ज्यांनी आमचा तलाव कधी पाहिला नाही, आणि त्यांनी ठरवलं असेल की नातीनं आजीजवळ झोपावं, आणि त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून करावा. मुंबईत कोणी साबणाची वडी घेते, सालेकशाच्या जंगलाकडची बाई तेल घेते, आणि त्यातला कणभर आमच्या मोहल्ल्यातल्या लेकरांच्या वाट्याला येतो. आम्ही आठवडा वाटून घेतला तर मोठं केलं असं वाटत होतं. इथे सगळ्या राज्यानं वाटून घेतलं होतं. केवढी ही पंगत! मी त्या खोलीतला पंखा, टेबल, फायलींचे ढीग पाहत राहिले, देवळात आल्यासारखी.

आजी हळूच म्हणाली, "लेकरायचं असन तर घेतो."

मॅडमनं बाल संरक्षणाच्या त्या मॅडमला महिन्या-दोन महिन्यांनी घरी जाऊन पाहायला सांगितलं, आणि निकाल वाचला. लेकरं आजीजवळच राहतील.

पोरगी जागची हलली नाही. "भाऊ बी?"

"भाऊपण."

"दोघं एकाच घरी?"

"एकाच घरी, बाळ."

बाहेर व्हरांड्यात आलो. सगळ्या जणी डोळे पुसत होत्या, बुढी उगाच पदर झटकत होती. पोरगी खाली फरशीवर बसली आणि तिनं खांद्यावरचं दप्तर काढलं. भावाच्या पाठीवरचंही काढलं. सकाळपासून मला वाटलं, त्यात डबा-पाणी असेल. तिनं भावाचं दप्तर उघडलं, तर आत त्याचे सदरे घडी घालून, चड्ड्या, कंगवा, आजीचं जुनं लुगडं अर्धं फाडून. तिच्या दप्तरात तिचे फ्रॉक आणि लुगड्याचा उरलेला अर्धा. रात्री झोपताना दोघांना आजीचा वास यावा म्हणून तिनं ते फाडलं होतं. आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं.

ती एकेक सदरा काढून आपल्या दप्तरात भरू लागली. आजी डोळे बारीक करून विचारत होती, "काय करून राहिली वो?"

"काही नाही आजी," पोरगी म्हणाली, "एकात माववून राहिली."