पुस्तक मिटून सांगा

शेवटच्या भेटीत शैलजाताईंनी मला त्यांच्या आजाराविषयी विचारूच दिलं नाही. वॉटफर्डच्या रुग्णालयात मी त्यांच्या खाटेशी पोहोचलो तेव्हा त्या एका नर्सचा अभ्यास घेत होत्या. ती मुलगी बढतीच्या परीक्षेला बसणार होती आणि ताई तिला इंग्रजीत बजावत होत्या, की पुस्तक मिटून ठेव आणि मला काहीच येत नाही असं समजून शिकव. ती हसत होती, अडखळत होती, पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मला मात्र खुर्चीकडे बोट दाखवून गप्प बसण्याची खूण झाली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या यजमानांचा, विनायकरावांचा फोन आला... "अनिल, शैला गेली." आता काही आठवडे लोटले आहेत, आणि शोकापेक्षा अभिमानच अधिक दाटून येतो आहे, याचं मला थोडं नवल वाटतं.

पिनरमध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर. ताई नागपूरला कायदा शिकल्या, लग्नानंतर इकडे विलायतेत येऊन सॉलिसिटर झाल्या, आणि वॉटफर्डच्या एका छोट्या कचेरीत घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नोटरी व्हायचं मनावर घेतलं. या देशात प्रत्येक सॉलिसिटर नोटरी नसतो. परदेशी जाणाऱ्या कागदावर साक्ष घालण्याचा अधिकार वेगळ्या अभ्यासक्रमानंतर, वेगळ्या परीक्षेनंतर मिळतो. भारतातला फ्लॅट विकण्यासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचं म्हटलं की असा नोटरी लागतो, आणि आमच्या मराठी मंडळातली वयस्कर माणसं न समजलेल्या कागदावर मुकाट्याने सही करून येत. "त्यांना त्यांच्या भाषेत समजावणारं कुणीतरी नको का रे?" ताई म्हणाल्या होत्या. त्यांना हवं होतं ते एवढंच.

मी कॉलेजात कायदा शिकवतो, म्हणून अभ्यास कसा करावा हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मी मोठ्या अधिकाराने रंगीत पेनं, समासातल्या टिपा आणि सारांश यांचं महत्त्व पटवून दिलं. ताईंनी त्यात आपली नागपूरची सवय मिसळली आणि सगळं तोंडपाठ केलं. व्याख्या विचारली तर स्वल्पविरामासह म्हणून दाखवत. परीक्षेत मात्र व्याख्या विचारलीच नाही. एका माणसाची गोष्ट सांगून त्याला काय सल्ला द्याल, एवढंच विचारलं होतं. ताई नापास झाल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात, विनायकरावांच्या देखत, मी म्हणालो, "ताई, या वयात कशाला हा त्रास? सोडून द्या आता." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. माझ्या त्या बोलण्याला मी सल्ला म्हणालो. पण माझीच शिकवण्याची पद्धत फसली आहे हे मान्य करण्यापेक्षा त्यांचं वय पुढे करणं मला सोपं गेलं... हे मला फार नंतर उमगलं.

ताईंनी सोडलं नाही. महागडी शिकवणीही लावली नाही. त्यांनी अभ्यासक्रमाच्या कचेरीकडून जुन्या प्रश्नपत्रिका मागवल्या, लायब्ररीतली कोपऱ्यातली जागा धरली आणि फुकट मिळणाऱ्या सामग्रीचाच आधार घेतला. कायदे सरकारी संकेतस्थळावर, न्यायालयांचे निकाल खुले, विद्यापीठांची व्याख्यानं खुली. पण आधी एक फजिती झाली. नोटरीची परीक्षा म्हणून इंटरनेटवर शोधलं की बहुतेक सगळं अमेरिकेचं समोर येतं. तिथल्या एका सराव परीक्षेत उत्तम गुण मिळवून ताई खुशीत होत्या. विनायकरावांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"अगं, हे टेक्सासचं आहे. तिकडे जायचंय का तुला?"

"अहो, तुम्ही येणार असाल तर जाऊ!"

तेव्हापासून ताई काहीही वाचण्याआधी दोन गोष्टी पाहत: हा कायदा कुठल्या देशाचा, आणि तो अजून लागू आहे की बदलला. दुसरा नियम त्यांनी स्वतःच शोधला. आधी जुना प्रश्न घ्यायचा, कच्चंपक्कं उत्तर लिहायचं, आणि जिथे अडलं तेवढंच शोधायला जायचं. मग पुस्तक मिटून ते विनायकरावांना सांगायचं. विनायकराव निवृत्त हिशेबनीस; कायद्याचं अक्षरही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तीच त्यांची पात्रता होती. एका रविवारी मीही तिथे होतो. ताई भाकरी थापत होत्या, विनायकराव अडवत होते.

"घर पिनरला, फ्लॅट नाशिकला, आणि मी मेलो लेस्टरला. तर?"

"मरायला लेस्टरला कशाला जाता?"

"तुझी मावसबहीण जेवायला बोलावते ना! सांग, नाशिकचा फ्लॅट कुणाला मिळणार?"

"जमीन जिथली, कायदा तिथला. फ्लॅटला भारताचा कायदा. बँकेतल्या पैशांना तुम्ही कायमचं घर कुठलं मानलंत, तिथला."

"मानलंत म्हणजे काय? कोण ठरवणार?"

ताईंचा हात थांबला. "मला कळलं नाही, म्हणजे तुला कळलेलं नाही," विनायकराव समाधानाने म्हणाले. भाकरी तव्यावर टाकून ताई तडक संगणकापाशी गेल्या. काही दिवसांनी तोच प्रश्न त्यांनी विनायकरावांकडून पुन्हा विचारून घेतला, महिन्याने पुन्हा एकदा. त्या स्वयंपाकघरात जे घडत होतं ते माझ्या वर्गात कधीच घडलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ताई नुसत्या उत्तीर्ण झाल्या नाहीत. ज्या विषयात आपटल्या होत्या त्यातच त्यांना सर्वांत जास्त गुण होते. निकाल कळला तेव्हा विनायकराव घरच्या सपाता घालूनच रस्ता ओलांडून माझ्या दारात आले. "पास! आमची शैला पास!" शेजारच्या इंग्रज बाईंनी काळजीने खिडकी उघडली आणि मग त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

परवा ताईंची काम करण्याची खोली आवरायला विनायकरावांनी मला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला नोटरीची खुर्ची, दुसऱ्या बाजूला मुद्दाम मांडलेल्या दोन. कारण आमची माणसं अशा कामाला एकटी येत नाहीत. ताई असताना त्यांतल्या एका खुर्चीवर एकदा मीही बसलो होतो. आईच्या माघारी आम्हा भावंडांकडे आलेला पुण्यातला फ्लॅट विकायचा होता, बहिणीला मुखत्यारपत्र द्यायचं होतं. ताईंचा वेळ वाचावा म्हणून मी घरूनच सही करून गेलो होतो.

"ही सही कुठे केलीस?"

"घरी. सकाळी."

"मग मी काय पाहिलं रे? कायदा शिकवतोस ना?"

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि नवा छापला. इतक्या वर्षांची ओळख असूनही पासपोर्ट मागितला, फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला. या कागदाने बहिणीला काय काय करता येईल ते माझ्या शब्दांत सांगायला लावलं. मी दोनदा अडखळलो. त्या थांबून राहिल्या. मग मी त्यांच्यासमोर सही केली, त्यांनी आपली केली आणि शिक्क्याचा दांडा दाबला. कागदावर त्यांचं नाव उमटून वर आलं.

मी उठलो नाही. "ताई, तेव्हा मी सोडून द्या म्हणालो होतो. चुकलो. चूक माझ्या शिकवण्यात होती, ती मी तुमच्या वयावर ढकलली. मला क्षमा करा."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे बरं केलंस. ही क्षमा तरी सहीसारखी घरीच उरकून आला नाहीस."