मास्तरांचं ‘आपण’

दुकानात आले की मास्तर आधी माझी वजनं उचलायचे. फळीवर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवायची आणि मधे कुठंतरी बोट टेकवून म्हणायचं, "आपण इथं मुक्काम करू." समोर गिऱ्हाईक सुतळीसाठी ताटकळत उभं आणि माझा तराजू रिकामा. तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं फिरेल की नाही?

शिरूरच्या बाजारात माझं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान. हमाली करून उभं केलेलं. मास्तर मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एकटा जीव, सदऱ्याला कायम इस्त्री. शाळेतल्या जुन्या मिससाहेब मायदेशी, स्कॉटलंडला परतल्या होत्या. त्यांनी बोटीच्या तिकिटासकट यांना बोलावणं धाडलं. पाहुण्यानं पाहुण्यासारखं जावं, चहा प्यावा, यावं. पण यांना तिथले डोंगर पायी हिंडायचे होते. पाठीवर तंबू आणि रोज नवा मुक्काम! मी तालुक्यातल्याच केंदूरला जायचं तरी एसटीची वाट बघणारा माणूस.

तंबू मी शिवायचा असं ठरलं, म्हणून नकाशाचा संसार माझ्या फळीवर आला. बरं, एक वाट पक्की करतील तर शपथ. आज तळ्याकाठची, उद्या खिंडीतली, परवा पुन्हा तळं.

"तळ्याकाठी डास असत्याल, मास्तर."

"थंड मुलखात डास कुठले, शेठ?"

"पानी तितं डास. आन् ह्यो मधला मुक्काम काढून टाका. उगं वाढवलाय."

"अहो, तिथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो म्हणे."

"सूर्य घोडनदीवर बी मावळतोय की. फुकट!"

भाव पाडल्याशिवाय मी कधी काही घेतलं नाही. मुक्काम तरी कसे घेणार? पण घासाघीस करता करता मीही नकाशात बोट घालू लागलो. खिंडीच्या खाली एक जागा हेरली. पाठीशी कडा, वारा अडलेला, झरा जवळ पण अंगावर येणार नाही इतका लांब. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वा! आपण इथंच राहू."

आयुष्यभर लोकांनी मला पोतं कुठं टाकायचं ते सांगितलं होतं. कुठं थांबू या, असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि बाजारात ‘आपण’ या शब्दाला किंमत असते. ‘आपण घेऊ हा माल’ असं एकानं म्हटलं की दुसऱ्याची भागी धरलीच. मग मागं फिरता येत नाही. मी गुपचूप स्टुडिओत जाऊन फोटो काढला. बायकोनं विचारलं, "ह्यो जाड कोट कुनासाठी शिवताय?" म्हटलं, "बघशील."

एका संध्याकाळी मी विषय काढला. "मास्तर, माजा पासपोर्ट कुठं काढायचा?"

मास्तरांनी मान वर केली. "तुमचा? तुम्ही कुठं निघालात?"

"तुमीच म्हनताय न्हवं रोज? आपण चढू, आपण ऱ्हाऊ!"

ते कावरेबावरे झाले. "ते आपलं... प्रार्थनेत म्हणतो ना आम्ही, तसं. तोंडात बसलंय. तिकीट एकच आलंय, शेठ."

मी चारही वजनं काढून घेतली. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

त्यानंतर मास्तर दुकानाकडं फिरकले नाहीत. तंबूही मागायला आले नाहीत. बहिणीकडं दौंडला गेले, तिथूनच मुंबईची गाडी धरणार होते. पण शिवतो म्हटलं होतं, म्हणजे द्यायला हवाच. तंबूचं बोचकं घेऊन मी एसटीनं दौंड गाठलं. फलाटावर मास्तरांनी त्याची घडी उलगडून पाहिली.

"शेठ, हा तर दोघांचा आहे."

"मग पसरून झोपा!" मी ओरडलो. हमालसुद्धा वळून बघायला लागले.

स्कॉटलंडहून परत आल्यावर पहिल्याच दिवशी मास्तर दुकानात हजर. वजनांना हात लावला नाही. म्हणाले, "तळ्याकाठी डास होते, शेठ. फोडून काढलं. आपण पहिल्यापासून खिंडीखालीच राहायला हवं होतं."

"आपण न्हाई. मी सांगितलं हुतं."

हसले. मी हसलो नाही. मास्तर दौंडला कायमचे राहायला गेले तरी मी सोडलं नाही; जो भेटेल त्याला ‘आपण’ची गोष्ट ऐकवत राहिलो.

मास्तर वारले, तेव्हा त्यांच्या बहिणीनं तंबू एसटीनं माझ्याकडं पाठवला. आत चिखल राहिला असेल, ताडपत्री कुजायला नको, म्हणून दुकानातच उलटा करून पसरला. तळाच्या कापडाची डावी बाजू झिजून काळवंडली होती, शेवाळाचे डाग बसले होते. उजवी बाजू कोरी. बेतताना मी ओढलेली निळ्या खडूची रेघसुद्धा तिथं जशीच्या तशी होती.

पसरून झोपा म्हणून मी दौंडच्या फलाटावर बोंबललो होतो. एवढं ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढले आणि एका कडेला अंग चोरून झोपले. आता असल्या माणसाशी व्यवहार तरी कसा करायचा?