चांदपाशाचाचांचा पहिला नंबर

भामाबाईचा प्रेम नांदेडात गुन्हेगारीशास्त्र शिकतो हे कळल्यापासून आमच्या गल्लीनं त्याला सुखानं जगू दिलं नाही. कुणाची चप्पल दिसेना झाली की पोरं ओरडायची, "साहेब, तपास लावा!" प्रेम लाजायचा. पण त्या मंगळवारी त्याला वाटली ती लाज वेगळीच.

सरांना वर्गात ओळखपरेड करून दाखवायची होती. रांगेत उभं राहायला बाहेरची चार-सहा माणसं हवी होती. प्रेमनं गाद्या भरणाऱ्या चांदपाशाचाचांना गळ घातली. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा माणूस, नाही कशाला म्हणेल? चाचा ईदचा कुर्ता घालून, अत्तर लावून निघाले. "कालेजात चाललो," असं अख्ख्या गल्लीला सांगूनच ऑटोत बसले.

वर्गात तोंडाला रुमाल बांधलेला एक पोरगा घुसला, सरांची बॅग हिसकावून पळाला. नाटकच ते, पण पोरांना माहीत नव्हतं. लगेच सरांनी रांग आत आणली. "ओळखा चोर!" जवळजवळ सगळी बोटं दाढीवाल्या चाचांवर गेली.

"चोर रांगेत नव्हताच," सर म्हणाले. "मग हेच का दिसले, त्याचा विचार करा."

मागून कुणीतरी बोललं, "दिसतोयच की पण तसा!" वर्ग खो-खो हसला. प्रेमही हसला. चाचा आपल्या गल्लीतले आहेत हे शेजारच्याला कळू नये म्हणून जरा जास्तच हसला. आणि हसता हसता चाचांशी नजर भिडली.

परतताना ऑटोत चाचा रस्त्याकडंच बघत बसले.

गल्लीत भामाबाई चहा घेऊन तयारच. "काय पाशाभाई, जमलं का?"

"जमलं म्हंजे? पैला नंबर! समद्या पोरांनी बोट दाखवून मलाच निवडलं."

"मग पेढे काढा!" गल्ली खिदळली. प्रेमची मान वर होईना.

"हस की रे," चाचा हळूच म्हणाले. "तिथं तर लई हसून राहिला होतास."

प्रेम बोलला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आई, चोर म्हणून निवडलं त्यांना. आन् मी बी हसलो."

चाचांनी बशीत चहा ओतला, अर्धा कप प्रेमपुढं सरकवला. त्याच्याकडं मात्र बघितलं नाही.