दुधात कापलेला मका

आमच्या घरात मका आला तो भांडण घेऊनच. दुष्काळाचं साल. मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला, घरी मी, सासरे आणि दावणीला उरलेली एकच म्हस, तीही गाभण. विहिरीत पाणी एका तुकड्यापुरतंच. सोसायटीत मक्याचं दोन जातींचं बी आलं होतं. एक बुटकी, भरल्या कणसाची, दाण्यासाठी. दुसरी डोक्याच्या वर जाणारी, नुसती पानंच पानं, चाऱ्यासाठी.

सासरे म्हणाले, "दाण्याचं आण. कणगी भरंल. म्हस इकून टाकू, बाजारात काय तरी येईल तिचं."

काय तरी म्हणे. ती म्हस मी माहेराहून आणलेली, एवढंसं रेडकू असताना. मी सरळ सोसायटीत गेले आणि चाऱ्याचं बी मागितलं. वाटपाला बसलेला माणूस म्हणाला, "बाई, घरात इचारलं का?" म्हणलं, "म्हशीला इचारलंय."

पेरला तोही दाट. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. पण मका वाढला तसे ते रोज बांधावर येऊन बसायला लागले. या जातीलाही कणसं धरली होती, बारकी का होईनात, आणि ती बघून म्हाताऱ्याचा जीव गुंतला. मी विळा घेऊन गेले तेव्हा दाण्याला नख लावलं की दूध येत होतं. चारा कापायचा तो तेव्हाच, पुढं ताटांचं लाकूड होतं.

सासरे आडवे आले. आमच्याकडं दुधात आलेल्या दाण्याला विळा लावत न्हाईत, लई पाप मानतात. म्हणाले, "पोटुशी बाई कापल्यागत हाय ते."

"मामा, पोटुशी गोठ्यात उभी हाय. तिला तुमी बाजार दावायला निघालाव."

आणि पहिला घाव घातला. खोटं कशाला बोलू, पापाची भीती मलाही होती. पण त्या भीतीपायी म्हस कसायाच्या हातात जाऊ देणार नव्हते, मग गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

गावानं म्हणलंच. पाण्यावर बायका माझ्याशी बोलेनात. न्हाई बोलल्या तर न्हाई. मी रोज पेंढी डोक्यावर घेऊन भर चावडीपुढनं यायची. मागनं वाट होती, पण मी का लपू?

म्हस व्याली, रेडी झाली. सासरे म्हणाले, "त्या पापाचं दूध मी तोंडाला लावायचा न्हाय." आमच्यात सून सगळ्यांच्या मागनं पिते, तेही उरलं तर. मी त्यांच्यासमोर बसले, भरला पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच.