तुरा न आलेला कोंबडा

जठारपेठेत आमच्या दारी भाजी आणणारा तो माणूस बोलण्याआधी हात धोतराला पुसायचा. तरी नखांत पांढरी पावडर उरायचीच. मळ्यातल्या वांग्यांवर तो ती डीडीटीची पावडर हातानेच उधळायचा. "ताई, यानं किडा मरते, माणूस नाई मरत," असं हसून सांगायचा.

त्याची बायको आणि म्हातारी आई सोबत असायच्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून म्हातारी चारचौघांत सुनेला बोलायची. सून मान खाली घालून भाजी निवडायची. मी दाराआडून ऐकायचे आणि उगाच अस्वस्थ व्हायचे.

एकदा तो काखेत कोंबडा घेऊन आला. माझ्या भावाने चिडवलं, "कोंबडा आहे की कोंबडी?"

"कोंबडाच हाय. पावडर मारलेल्या वांग्यात चरून वाढला. याच्या जोडीचे माह्या भावाच्या घरी आहेत, तिथं पावडर नाई मारत, ते बांग देऊन राहिले. याले तुराच नाई आला."

तेवढ्यात म्हातारी माझ्या आईला म्हणाली, "आता पोराले दुसरी पाहून राहिली मी. हिच्यानं काई होत नाई."

तो कोंबड्याच्या फिक्या, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या खुंटलेल्या तुऱ्यावरून अंगठा फिरवत होता. एकदम म्हणाला, "तिले काहून बोलतं, माय? याले किती कोंबड्या बदलून देशीन?"

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली. तो आपले हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी आधी त्याची नखं पाहिली. पांढरीच होती. माझी नजर त्याला कळली आणि त्याने मुठी मिटल्या.