स्टिअरिंगला बांधलेलं फडकं

ते लाल फडकं मी माझ्या हातानं सोडलं. इतकी वर्षं झाली, पण ती गाठ बोटांना अजून आठवते.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. भोर ठाण्यात मी नवा फौजदार. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कलमं तोंडपाठ होती, माणसांचा अभ्यास मात्र कच्चा होता. एका सकाळी खबऱ्या आला. "साहेब, मिस्त्रीच्या शेडमधी लाल गाडी हाय. तिच्यात चोरीचं इंजिन बसवलंय."

गाडी पुण्याच्या एका शौकीन गृहस्थांची. इटलीहून आणलेली, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी. घाटात दम कमी पडतो म्हणून त्यांनी ती भोरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मोठं इंजिन बसवायला दिली होती. बॉनेट उघडून आमचे जमादार म्हणाले, "साहेब, बोकडात रेडा घातलाय की!" सगळे हसले. इंजिनाचा नंबर कागदांशी जुळेना, जुनं इंजिन शेडमध्ये नव्हतं. पंचनामा करून गाडी ढकलत ठाण्यात आणवली आणि मिस्त्रींना चौकशीला बसवलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो.

"जुनं इंजिन कुठं विकलंस?"

"इकलं न्हाई, साहेब. मालकांनी उत्रोलीच्या भातगिरणीला दिलं. हे लष्करी लिलावातलं हाय, पावती घरी हाय. पर स्टिअरिंगचं फडकं सोडू नका. इंजिन मोठं झालं, बिरेक जुनंच हाईत. काम पुरं झाल्याबिगर म्या फडकं सोडत न्हाई."

"विचारलं तेवढंच बोल."

गाडी हातची जाऊ नये म्हणून म्हातारा बोलतोय, असं मला वाटलं. जबाबात ते वाक्य मी घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उत्रोलीला गेलो. गिरणीत जुनं इंजिन धडधडत होतं. नंबर तंतोतंत जुळला. पावतीही खरी निघाली. परतलो तो मालक ठाण्यात येऊन बसलेले. इंजिन बसलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. साताऱ्याला लग्नाला जायची घाई होती. चूक माझी होती, म्हणून मीही घाई केली. सही घेतली, फडकं सोडून जमादारांकडे दिलं आणि गाडी ताब्यात दिली. मिस्त्रींना सोडायचं नंतरसाठी ठेवलं.

थोड्या वेळानं मिस्त्रींना सोडलं. बाहेर येताच त्यांनी विचारलं, "गाडी कुठं हाय?" मग जमादारांच्या हातातलं फडकं दिसलं आणि ते ठाण्याच्या जीपकडे धावले.

आम्ही जीप काढली. किकवीजवळच्या उतारावर मेंढरं चुकवताना गाडी वडावर आदळली होती. मेंढपाळ रडत सांगत होता, "म्या हात केला, पर ती थांबंचना." दवाखान्यात नेताना मालक गेले.

मिस्त्रींनी आधी सांगितलं होतं, हे मी अहवालात लिहिलं. मला ताकीद मिळाली आणि कागदावर प्रकरण मिटलं. त्यानंतर नोकरीभर मी न विचारलेलंही जबाबात लिहून घेत गेलो. पण ते शहाणपण कुणाच्या जिवावर आलं, हे मी विसरू शकत नाही.

पुढं ठाण्याची जीप मिस्त्रींकडेच दुरुस्तीला जाई. काम झालं की ते बाजूला सरकून म्हणत, "बिरेक बघितलं, साहेब. आता फडकं तुमीच सोडा."

गाठ सैलच असायची. तरी मला वेळ लागायचा.