कोरडवाहू माणसं, बागायती गाव

माझं सासर शिंदखेड्याकडचं. मी धुळ्यात वाढलेली, दहावीपर्यंत शिकलेली, नळाचं पाणी प्यालेली. लग्न होऊन त्या खेड्यात गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं की पाण्याला जायचं तर घागरीबरोबर निवडायची डाळही न्यायची. विहिरीच्या बुडाशी झरा झिरपून पाणी साचायला वेळ लागे. तेवढ्यात बायकांची डाळ निवडून होई, वाती वळून होत आणि कुणाच्या सुनेनं काय केलं तेही सांगून होई. गप्पा इतक्या रंगायच्या की पाणी साचलं तरी पहिली घागर सोडायची कुणाला घाई नसे.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते सांगायचे, त्यांच्या तरुणपणी पोळ्याला गावच्या नाल्यात बैल धुता येत. आमच्या वेळी पोळ्याला नाल्यात पोरं गोट्या खेळायची. पाऊस यायचा, पण त्याचा नेम गेला होता. आषाढ कोरडा जायचा आणि बाजरी कणसात आली की दोन दिवसांत सगळा कोसळायचा. आता त्याला हवामान बदल म्हणतात. आमच्या गावात म्हणायचे, पावसाचं डोकं फिरलं.

लागोपाठ तिसऱ्या वर्षी बाजरी हातची गेली आणि गावातली निम्मी घरं हलली. कुणी सुरतेला गेलं, कुणी ऊस तोडायला. भुसावळला रेल्वेत असलेल्या मामेसासऱ्यांनी आमच्यासाठी निरोप धाडला, सावद्याजवळ एका केळीवाल्याला सालदार हवा आहे, बागेत राहायला खोली आहे. वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचं काम. माझा नवरा तयार झाला. अडलं ते म्हशीपाशी. सासू म्हणाली, म्हैस राहणार असेल तर मीही राहते. मग आबांनी तोडगा काढला. आम्ही चौघं, म्हणजे सासू, नवरा, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी, एस.टी.नं पुढे जायचं. आबा म्हशीला घेऊन पायी येणार.

आम्ही पोचलो तेव्हा मालकीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला नाना. अक्का ठसठशीत, बोलायला मोकळ्या. त्यांनी चहा दिला, मुलीला केळं दिलं आणि सासूला विचारलं, ढोरं किती आहेत? सासूला आमच्या अहिराणीखेरीज दुसरं काही बोलताच यायचं नाही. आमच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. ती म्हणाली,

“म्हैस एक शे.”

अक्कांचा कप हातातच राहिला. “एकशे म्हशी मी कुठी बांधू व माय?”

सासूला कळेना की एका म्हशीला ही बाई एवढी का घाबरली. तिनं पुन्हा ठासून सांगितलं, एक शे. अक्का आणखी घाबरल्या. मी मध्ये पडून उलगडा केला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. आठव्या दिवशी आबा पोचले. म्हैस दमली होती, आबा दमले नव्हते. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाच्या गावी त्यांनी एकेक ओळख करून ठेवली होती. शंभर म्हशी बघायला म्हणून अक्कांनी आळीतल्या बायका गोळा करून आणल्या होत्या. त्या एकट्या म्हशीला सगळ्यांनी मिळून ओवाळलं.

त्या बागेत पहिले काही दिवस आम्ही नुसते बघत होतो. मोटर सुरू झाली की विहिरीतून पाणी पाटात पडायचं आणि केळीच्या बुडाबुडाशी दिवसभर वाहत राहायचं. माझी मुलगी पाटात बसून राही. आबा काठावर उकिडवे बसून पाण्यात हात घालायचे. म्हैस केळीच्या खोडाचे तुकडे खाऊन अशी सुटली की दार लहान पडतं की काय असं वाटायला लागलं. सासूला मात्र ते सुख सोसेना. पाट फुटून पाणी रस्त्यावर गेलं की ती कामं टाकून पळायची आणि चिखलानं फट बुजवायची. रात्री नवऱ्याला विचारायची, “इतलं पानी वाया जास, अन कोनी काहीच बोलत नही?” घरात मात्र तिचा जुना कायदा चालूच. आंघोळीला एक बादली, त्यातही तळाशी उरेल ते भांड्यांना, आणि भांड्यांचं दाराशी लावलेल्या मिरचीला. अक्का गंमतीनं तिला पाण्याची फौजदार म्हणायच्या.

अशी चार-पाच वर्षं गेली. मला केळीतलं सगळं काम यायला लागलं, अक्कांची बोलीही. पण एक बदल आम्हाला परक्यांना आधी दिसला. दर उन्हाळ्यात नाना विहिरीत पाइपाचा नवा तुकडा जोडून मोटर खाली उतरवत होते. आजूबाजूचेही तेच करत होते. एका वैशाखात मोटर अर्ध्या दिवसात हवा ओढायला लागली. उन्हाच्या झळांनी केळीची पानं कडेनं भाजून निघाली. नाना शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी बांधावर बसले ते उठेनात. अक्कांनी मला हळूच सांगितलं, सलग दोन दिवस ते ताटावरून अर्धवट उठले.

तिसऱ्या दिवशी आबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मी भाकरी घेऊन गेले होते, म्हणून ते बोलणं मला ऐकायला मिळालं. आबांनी शेतालगतच्या नाल्याकडे बोट केलं. पावसाळ्यात सातपुड्याचं पाणी त्यातून तांबडं होऊन घोंघावत जायचं आणि दोन दिवसांत नाला परत कोरडा.

“पानीले बी घर दखाडनं पडस, नाना,” आबा म्हणाले. “नही ते ते तापीमा चालनं जास.”

पाण्यालाही घर दाखवावं लागतं, नाही तर ते तापीत निघून जातं. नाल्याचं पाणी अडवून विहिरीत सोडायचं, असं त्यांच्या मनात होतं. नाना म्हणाले, गढूळ पाण्याच्या गाळानं विहीर बुजेल. आबा म्हणाले, गढूळ असलं तरी घरी आलेलं पाणी आहे, बघू. शेवटी नानांनी मान हलवली, बहुधा वाद घालायचा कंटाळा आला म्हणून.

आम्ही सगळ्यांनी नाल्यात दगडांचा बांध घातला आणि तिथून विहिरीपर्यंत चर खोदला. पहिल्या मोठ्या पुरात बांधाची एक बाजू गेली आणि राहिलेल्या पाण्यानं विहिरीत इतका गाळ आणला की पंधरा दिवस पाणी चहासारखं. अक्का बादली दाखवून आबांना विचारत, साखर टाकायची का? आबा न रागावता हसत आणि बांधाकडे जात. मग त्यांनी विहिरीशेजारी खड्डा खणायला लावला. तळाला मोठे दगड, त्यावर गोटे, त्यावर खडी, वर नाल्यातली वाळू. वाळू आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिली. सासू प्रत्येक पाटीतली वाळू बोटांत चोळून बघे आणि मातकट असली तर परत पाठवी. पुन्हा रचलेला बांध या वेळी टिकला आणि पाणी त्या वाळूतून गाळलं जाऊन विहिरीत उतरत राहिलं. अख्खा श्रावण आबा जेवायलासुद्धा वेळेवर आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मोटर खाली उतरवावी लागली नाही. विहीर तुडुंब राहिली असं नाही, पण पाणी पुरलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून नानांनी स्वतःच पाट बुजवून नळ्या टाकायचं मनावर घेतलं, आणि शेजारचे दोघे-तिघे आबांना बैलगाडीतून आपापला नाला दाखवायला न्यायला लागले. तिथे आबांचा थाट काय वर्णावा. पागोटं नवं, चहा दोनदा.

सावद्याच्या या बातम्या मी पत्रातून गावी कळवत होते. तिकडून उत्तर आलं की मागं राहिलेल्या घरांनीही नाल्यावर तीन बांध घातले आहेत, आबांनी येऊन बघावं. आबा आणि सासू परत गेले. आम्ही दोघं मुलीसाठी सावद्यालाच राहिलो; तिची शाळा तिथे होती आणि नानांनी बागेचा एक तुकडा आम्हाला निम्म्या वाट्यानं कसायला दिला होता. सुरतेला गेलेले काही परतले, काही नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे यायचे.

एका आखाजीला अक्का हट्टानं आमच्याबरोबर गावी आल्या. सासूनं सांजोऱ्या केल्या होत्या. दुपारी निंबाला आखाजीचा झोका बांधला. अक्का म्हणाल्या, या वयात कसला झोका, आणि चढून बसल्या. मग पोरीबाळी रांग लावून उभ्या, आणि अक्का काही उतरेनात. शेवटी माझ्या सासूनं त्यांना मागून एक जोराचा धक्का दिला आणि दोघीही हसत राहिल्या.